सॅन फ्रान्सिस्कोत अभ्यंग-शिरोधारा केंद्र: आरोग्य खात्याचा परवाना कसा काढायचा?

अभ्यंग_एसएफ

नमस्कार. पुण्यातून बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) केलं आहे, पंचकर्म विभागात कामही केलं आहे. आता सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक आहे. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे काम करण्याच्या परवानगीची अडचण नाही.

दोन खोल्यांचं छोटं केंद्र काढायचं आहे. अभ्यंग (अंगाला तेल चोळणं), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) आणि पेटीतलं स्वेदन (वाफेने घाम काढणं) एवढंच. सुरुवातीला मी एकटी, पुढे हाताखाली एक मदतनीस. एक जागा आवडली आहे आणि घरमालक या आठवड्यात लीजवर सही मागतो आहे.

विचारायचं ते असं: मी डॉक्टर आहे आणि हे आयुर्वेदिक उपचार आहेत, तरी मसाजचा परवाना लागतो का? लागत असेल तर कोणत्या क्रमाने काय करायचं? आणि सागवानी द्रोणी (तेलाच्या उपचारांचं लाकडी टेबल) भारतातून मागवली तर चालेल का?

---

लीज_आधी_वाचा

ताई, सही थांबवा. बाकी सगळं नंतर.

सॅन फ्रान्सिस्कोत मसाज केंद्राचा परवाना शहराचं सार्वजनिक आरोग्य खातं देतं, आरोग्य संहितेच्या प्रकरण २९ खाली. पण त्या जागेत मसाजचा धंदा चालू शकतो की नाही, हे ठरवतं प्लॅनिंग डिपार्टमेंट. त्यांची संमती नसेल तर आरोग्य खात्यातला अर्ज पुढे सरकत नाही. शहरातल्या बऱ्याचशा व्यापारी पट्ट्यांत मसाजसाठी ‘कंडिशनल यूज’ची मंजुरी लागते. म्हणजे वेगळा अर्ज, वेगळी फी, शेजाऱ्यांना नोटीस आणि प्लॅनिंग कमिशनसमोर जाहीर सुनावणी. यात महिने जातात, आणि लीजवर सही झालेली असेल तर ते सगळे महिने भाडं तुमच्या खिशातून जातं. या धंद्यात लोक बुडतात ते बहुतेक इथेच.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम हे. जागेचा पत्ता घेऊन प्लॅनिंगच्या काउंटरवर जा आणि नेमके तीन प्रश्न विचारा. या पत्त्याचा झोन कोणता? इथे मसाज केंद्र थेट चालतं, कंडिशनल यूज लागतो, की बंदच आहे? आणि जागेचा सध्याचा नोंदलेला वापर काय आहे? तिसरा प्रश्न लोक विसरतात. आधी तिथे शिंप्याचं दुकान असेल तर नुसता पडदा टाकून भागत नाही, वापरातला बदल कागदावर नोंदवून घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा: या पत्त्यावर पूर्वी मसाज केंद्र होतं का, आणि ते नियमभंगामुळे बंद झालं होतं का? तसा इतिहास असलेल्या जागेवर नवा परवाना अडकू शकतो. जी उत्तरं मिळतील ती ईमेलवर लिहून घ्या. काउंटरवरचं तोंडी ‘चालेल’ नंतर कोणी ओळखत नाही.

घरमालकाला जागा हातची जाऊ द्यायची नसेल तर तो लीजमध्ये अट घालायला तयार होतो: प्लॅनिंगची आणि आरोग्य खात्याची मंजुरी ठरावीक दिवसांत मिळाली नाही तर लीज रद्द आणि डिपॉझिट परत. ही अट नसलेल्या लीजवर सही करू नका. त्याच कागदात अपंगांसाठीच्या सोयींबद्दलचं कलम शोधा. जागेची प्रमाणित तज्ज्ञाकडून तशी तपासणी झाली आहे की नाही, हे कॅलिफोर्नियात व्यापारी लीजमध्ये घरमालकाला लिहावं लागतं. झालेली नसेल तर दाराची रुंदी, पायरी आणि संडासातल्या दुरुस्त्यांचा खर्च कोणी करायचा हे आत्ताच ठरवा.

आणि कोणी म्हणालं की चालू केंद्रच विकत घ्या, परवाना आयता मिळेल, तर तसं होत नाही. परवाना मालकाच्या नावावर असतो, विक्रीबरोबर हस्तांतरित होत नाही.

---

नियम_४६०४

जागेचं वर आलंच आहे, मी माणसाच्या प्रमाणपत्राबद्दल लिहितो. आरोग्य खातं परवाना देतं तो केंद्राला. अंगाला हात लावणाऱ्या माणसाला स्वतःची पात्रता वेगळी दाखवावी लागते, आणि त्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे कॅलिफोर्निया मसाज थेरपी कौन्सिल, म्हणजे सीएएमटीसीचं प्रमाणपत्र.

‘हे मसाज नाही, आयुर्वेद आहे’ हा मुद्दा इथे टिकत नाही. शहराच्या व्याख्येत तेलासह किंवा तेलाशिवाय चोळणं, दाबणं, थोपटणं, मळणं सगळं येतं. अभ्यंग त्यात पूर्ण बसतं. शिरोधारेत धार सोडताना हात लागत नाही असं म्हणाल, पण धारेनंतर डोकं आणि मान चोळता ना? मग तीही त्यातच.

बीएएमएसबद्दल स्पष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. कॅलिफोर्नियात आयुर्वेदाला राज्याचं लायसन्स नाही आणि भारतातली नोंदणी इथे वैद्यकीय परवाना ठरत नाही. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, कायरोप्रॅक्टर यांना मसाजच्या नियमांतून सूट आहे, पण ती कॅलिफोर्नियाचं लायसन्स असणाऱ्यांनाच. पाटीवर, कार्डावर, वेबसाइटवर नावाआधी ‘डॉ.’ लिहू नका. लायसन्स नसताना आपण वैद्यकीय डॉक्टर आहोत असा समज करून देणारा शब्द वापरणं हा राज्याच्या व्यवसाय संहितेच्या कलम २०५४ खाली फौजदारी गुन्हा आहे. मराठी मंडळाच्या स्मरणिकेतली जाहिरातही जाहिरातच असते. तिथे सवयीने ‘डॉ.’ छापलं जातं, मजकूर देताना लक्ष ठेवा.

सीएएमटीसीसाठी: वय १८ पूर्ण, किमान ५०० तासांचं मसाजचं शिक्षण, त्यातले किमान १०० तास शरीररचना व शरीरक्रिया, मसाज कधी करू नये ते, आरोग्य-स्वच्छता आणि धंद्याची नीती या विषयांचे. शिवाय बोटांच्या ठशांवरून राज्य आणि एफबीआयकडून तपासणी. बीएएमएसची साडेपाच वर्षं आपोआप ५०० तासांत धरली जात नाहीत. तुमचं शरीररचनेचं ज्ञान वर्गात तुम्हाला पुढे ठेवेल, पण तास भरावेच लागतील असं धरून चाला. आठवड्याला २० तास धरले तर २५ आठवडे. शाळेला पैसे भरण्याआधी ती आज सीएएमटीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा. शाळेच्या माहितीपत्रकात ‘राज्यमान्य’ लिहिलेलं असतं ते वेगळ्या खात्याचं असू शकतं, आणि अशा शाळेचे तास सीएएमटीसी धरेलच असं नाही.

प्रमाणपत्र २ वर्षांचं असतं. ते हातात आलं की मूळ प्रत केंद्रात दिसेल अशी लावायची, ओळखपत्र जवळ ठेवायचं आणि प्रत्येक जाहिरातीत नावाबरोबर प्रमाणपत्राचा क्रमांक द्यायचा. इन्स्टाग्रामच्या पोस्टलाही हे लागू आहे. ‘लायसन्स्ड थेरपिस्ट’ लिहू नका. इथलं मसाजचं हे प्रमाणपत्र आहे, लायसन्स नाही.

याचा मोठा फायदा असा, की शहर प्रमाणपत्रधारकाला पुन्हा वेगळी परीक्षा, वैद्यकीय तपासणी किंवा पार्श्वभूमीची तपासणी लावू शकत नाही. मालकीण आणि थेरपिस्ट दोन्ही तुम्हीच असाल तर बराच त्रास वाचतो. मालक प्रमाणित नसेल तर त्याच्या ठशांचं काम वेगळं होतं.

पंचकर्म शिकलेल्यांना अडचणीचं जाणारं एक कलम आहे. अभ्यंगात छातीवरून हात फिरतो. इथे स्त्रीच्या स्तनांना मसाज करायचा तर तिची लेखी संमती आणि कॅलिफोर्नियातल्या लायसन्सधारक वैद्यकीय व्यावसायिकाची चिठ्ठी, दोन्ही हवं. नाहीतर प्रमाणपत्र धोक्यात येतं. तेवढा भाग झाकूनच ठेवा आणि क्रम तसा बसवून घ्या. पुरुषांना लंगोटीवर ठेवण्याची पद्धतही सोडा, चादरीने झाकून एकेक अवयव उघडा.

---

अभ्यंग_एसएफ

मनापासून आभार. सही थांबवली आहे. दोन गोष्टी राहिल्या. ग्राहकाची नाडी पाहून आहार-विहार सांगितला तर चालतं का? आणि मदतनीस नुसतं तेल लावणार, उपचार मीच करणार, तर तिलाही ५०० तास लागतील का? कॉन्ट्रॅक्टर म्हणून पैसे दिले तर सोपं जाईल असं एकीने सांगितलं.

---

नियम_४६०४

नाडी आणि आहारसल्ला चालतो, पण कागद लागतो. व्यवसाय संहितेची कलमं २०५३.५ आणि २०५३.६ लायसन्स नसलेल्या पूरक उपचारकांना मोकळीक देतात. अट अशी की उपचाराआधी ग्राहकाला साध्या भाषेत लेखी निवेदन द्यायचं: मी लायसन्सधारक डॉक्टर नाही, ही सेवा पूरक आहे, या सेवेला राज्याचं लायसन्स नाही, सेवा नेमकी काय आहे, तिच्यामागचा विचार काय, माझं शिक्षण आणि अनुभव काय. यातल्या शेवटच्या मुद्द्यात तुमचं बीएएमएस अभिमानाने आणि कायदेशीरपणे लिहिता येतं. ग्राहकाची सही घ्या, एक प्रत त्याला द्या, सहीचा कागद ३ वर्षं जपा. ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत तो असायला हवा, तेव्हा मराठी आजी-आजोबांसाठी मराठी प्रतही तयार ठेवा. या सेवेची जाहिरात केली तर ‘राज्याचं लायसन्स नाही’ हे जाहिरातीतही लिहायचं.

मर्यादा कडक आहेत. त्वचा छेदायची नाही, म्हणजे रक्तमोक्षण (रक्त काढण्याचा उपचार) बाद. डॉक्टरने लिहून दिलेलं औषध बंद करायला सांगायचं नाही. ‘रक्तदाबाची गोळी थोडी कमी करून बघा’ एवढं वाक्यसुद्धा यात सापडतं.

मदतनीस अंगाला तेल लावणार असेल तर ती मसाजच करते आहे. दोघींनी दोन बाजूंनी अभ्यंग करायचं तर दोघीही प्रमाणित हव्यात. प्रमाणपत्र नसेल तर तिने तेल गरम करावं, खोली आवरावी, कपडे धुवावेत, फोन घ्यावा. ग्राहक टेबलावर असताना तिचा हात अंगाला लागता कामा नये.

कॉन्ट्रॅक्टरचा सल्ला सोडून द्या. एबी ५ या कामगार कायद्यानंतर कॅलिफोर्नियात अशी माणसं सहसा नोकरच धरली जातात. केशकर्तनकार, ब्यूटिशियन वगैरेंना त्या कायद्यात अटींसह वेगळी वाट आहे, मसाजवाल्यांचं नाव त्या यादीत नाही. एक जरी नोकर असला तरी वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा (कामावरच्या दुखापतीचा) विमा सक्तीचा. एका तिमाहीत १०० डॉलरपेक्षा जास्त पगार दिला की १५ दिवसांत राज्याच्या ईडीडीकडे (रोजगार खात्याकडे) नोंदणी.

एक बारीक पण कामाची गोष्ट: एकट्या मालकाचं केंद्र असेल आणि एकच किंवा एकही नोकर नसेल, तर उपचार चालू असताना बाहेरच्या दाराला कुलूप लावायला शहर मनाई करू शकत नाही. माणसं वाढली की ही सूट जाते. एकटी बाई संध्याकाळी काम करते तेव्हा हा नियम माहीत असलेला बरा.

---

स्नेहद्रव्य

द्रोणीचं मी सांगते, कारण तपासणीत अडकतं ते इथे.

इन्स्पेक्टर प्रत्येक पृष्ठभागाकडे एकाच नजरेने पाहतो: हे गुळगुळीत आहे का, यात काही मुरतं का, दोन ग्राहकांच्या मध्ये हे निर्जंतुक करता येतं का? कच्च्या लाकडाची द्रोणी तिन्हींत नापास होते. आपल्याकडे लाकूड तेल पितं म्हणून ती चांगली मुरते असं म्हणतात. इथे तोच दोष ठरतो. मागवायचीच तर पूर्ण सीलबंद लेप दिलेली घ्या, सांधे आणि निचऱ्याचं भोक धरून. माझं मत विचाराल तर फायबरग्लासची किंवा स्टीलची घ्या, किंवा साधं व्हायनिलचं मसाज टेबल आणि त्यावर जलरोधक चादर. ग्राहकाला फरक तेलाचा आणि हाताचा जाणवतो.

निर्जंतुकीकरणाचा क्रम चुकतो तो असा. तेलकट पृष्ठभागावर थेट जंतुनाशक फवारलं तर ते तेलाच्या थरावरच राहतं, खाली पोचत नाही. आधी साबणाने तेल काढा, पुसा, मग ईपीएकडे (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याकडे) नोंदणी असलेलं जंतुनाशक लावा आणि लेबलवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहू द्या. बऱ्याच द्रावणांना १० मिनिटं लागतात. दोन अपॉइंटमेंटमध्ये १५ मिनिटं ठेवून हे होत नाही, अभ्यंगानंतर किमान अर्धा तास धरा.

शिरोधारेला एका बैठकीत दीड-दोन लिटर तेल लागतं. त्याच बैठकीत खालचं तेल पुन्हा वरच्या भांड्यात घेणं ठीक. तेच तेल त्याच रुग्णाला तीन दिवस वापरायची आपल्याकडची पद्धत इथे आणू नका. कपाटात लेबल नसलेल्या, केस तरंगणाऱ्या बरण्या इन्स्पेक्टरला दिसल्या तर समजावून सांगायची वेळ निघून गेलेली असते. तेलाचा खर्च दरातच धरा. तेल पाण्याच्या भांड्यात ठेवून ३८ ते ४० अंश सेल्सियसपर्यंत गरम करा, थर्मामीटर लावून. उघडी ज्योत, समई, धूप काहीच नको. वापरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. नळी तुंबते, आणि खालच्या मजल्यावर पाणी गेलं की भरपाई तुम्हीच करता.

स्वेदनाची पेटी: भारतातून प्रेशर कुकरला नळी जोडलेलं वाफेचं यंत्र आणू नका. इथे १२० व्होल्ट आहे, तिथलं २३० चं. कन्व्हर्टर लावला तर वीज आणि सुरक्षा दोन्हीवर बोट ठेवलं जातं. यूएल (विद्युत सुरक्षेचा) शिक्का असलेलं इथलं वाफेचं यंत्र घ्या. कापडी तंबूवजा पेटीच्या शिवणींत बुरशी धरते, तीही टाळा. पेटीसाठी नवा नळ किंवा निचरा लागला तर बांधकाम खात्याची वेगळी परवानगी काढावी लागते, म्हणून आराखडा काढतानाच ठरवा.

आता टॉवेल. याकडे फार लोक दुर्लक्ष करतात आणि जाळून घेतात, शब्दशः. तिळाच्या तेलात असंपृक्त मेदाम्लं भरपूर. ती हवेतल्या ऑक्सिजनबरोबर उष्णता सोडतात. ड्रायरमधून काढलेले गरम, पुरतं तेल न निघालेले टॉवेल घडी करून ढीग लावला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते आणि रात्री ढीग आपोआप पेटू शकतो. खोबरेलात हा धोका कमी, जवसाच्या तेलात सगळ्यात जास्त. उपाय: गरम पाणी, तेल कापणारं डिटर्जंट, गरज पडली तर दोनदा धुणं. ड्रायरचं थंड करणारं शेवटचं चक्र कधीही मधेच थांबवू नका. टॉवेल थंड झाल्यावरच घडी घाला. वाळलेल्या टॉवेलला अजून खवट वास येत असेल तर तेल निघालेलं नाही, तो पुन्हा धुवा किंवा टाका. न धुतलेले तेलकट कपडे झाकणाच्या धातूच्या डब्यात.

ग्राहकाच्या पहिल्या फॉर्ममध्ये तिळाच्या ॲलर्जीचा प्रश्न ठळक अक्षरांत हवा. अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या लेबलवर तीळ २०२३ पासून मुख्य ॲलर्जीकारकांत धरला जातो, इतके लोक त्याला संवेदनशील आहेत. पर्याय म्हणून सूर्यफुलाचं किंवा खोबरेल तेल ठेवा. सगळ्या बाटल्यांवर इंग्रजीत घटक आणि उघडल्याची तारीख. ‘संधिवात बरा करणारं’ असं लेबल असलेलं तेल मांडू नका. रोग बरा करण्याचा दावा केला की ते औषध धरलं जातं. भस्मं आणि रसौषधी (धातू-खनिजांची औषधं) केंद्रात ठेवूच नका, त्यातल्या पारा-शिशावरून इथलं आरोग्य खातं फार सावध आहे.

---

कागद_नीट

अर्जाबरोबर साधारण हे तयार ठेवा: शहराच्या ट्रेझरर कार्यालयातली व्यवसाय नोंदणी, लीज किंवा घरमालकाचं संमतिपत्र, मापांसह आराखडा (खोल्या, हात धुण्याचं सिंक, संडास, धुतलेल्या आणि मळक्या कपड्यांची वेगळी जागा), फोटो ओळखपत्र, काम करणाऱ्यांची यादी प्रमाणपत्र क्रमांकांसह, नोकर असल्यास विम्याचा कागद. एकट्याने काम करणाऱ्यांचा वर्ग वेगळा आहे, अर्जात तोच निवडा, मदतनीस घेताना बदल कळवा. नंतर प्रत्यक्ष तपासणी होते. परवाना मिळाल्यावरही इन्स्पेक्टर न सांगता येतात. वेळ सकाळी ७ ते रात्री १० च्या आत ठेवा, आणि केंद्रात कोणी झोपतं-राहतं असं दिसू देऊ नका. कोपऱ्यातली गादी आणि शेगडीसुद्धा नको.

धंद्याचं नाव तुमच्या नावापेक्षा वेगळं असेल तर काउंटी क्लर्ककडे नाव नोंदवा, धंदा सुरू केल्यापासून ४० दिवसांत. मग वर्तमानपत्रात सलग ४ आठवडे जाहीर करा. ती नोंद ५ वर्षं टिकते. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढलीत तर कमाई असो-नसो राज्याला दरसाल ८०० डॉलर द्यावे लागतात, म्हणून जागेचं नक्की होईपर्यंत घाई नको.

ठशांसाठी लाइव्ह स्कॅन, म्हणजे संगणकावर बोटांचे ठसे देणं. राज्याचे ३२ आणि एफबीआयचे १७ डॉलर, वर ठसे घेणाऱ्याची फी. तेल-पाण्यात काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि ठसे परत येतात. आठ-दहा दिवस आधीपासून रात्री हाताला क्रीम लावा, जायच्या दिवशी मात्र हात कोरडे ठेवा.

आपल्याकडच्या बायकांचा अर्ज सगळ्यात जास्त रखडतो तो नावामुळे. पदवीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं मधलं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नावच नाही. ज्या नावाने लाइव्ह स्कॅन कराल त्याच नावाने शाळेत प्रवेश घ्या, त्याच नावाने सीएएमटीसीचा, शहराच्या नोंदणीचा आणि आरोग्य खात्याचा अर्ज भरा. सरकारी फोटो ओळखपत्रावरचं नाव प्रमाण धरा. आधीची सगळी नावं ‘इतर नावं’ रकान्यात लिहा, विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेटची प्रत सोबत जोडा. मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह.

---

सनीव्हेलकर

वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. वरचं शहराचं सगळं सॅन फ्रान्सिस्कोपुरतं आहे. सीएएमटीसी राज्यभर चालतं, पण केंद्राचा परवाना प्रत्येक शहराचा वेगळा, आणि बऱ्याच शहरांत तो पोलीस खातं देतं, सॅन होजेत तसंच आहे. घरातल्या खोलीत ग्राहक घ्यायचा विचार असेल तर आधी शहराचे घरगुती व्यवसायाचे नियम पाहा. आणि एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, नसलेल्यांनी स्वतःचा धंदा म्हणूनसुद्धा हे काम करू नये. मैत्रिणींकडून रोख घेतलेले पैसेही कामाचेच पैसे ठरतात.

---

अभ्यंग_एसएफ

आज प्लॅनिंगच्या काउंटरवर जाऊन आले. त्या पत्त्याला कंडिशनल यूज लागतो आणि नोंदलेला वापर किरकोळ दुकानाचा आहे. ईमेलवर लिहून मागितलं आहे. घरमालकाला रद्द करण्याची अट पाठवली, तो ९० दिवस म्हणतो.

---

लीज_आधी_वाचा

९० दिवस सुनावणीलाही पुरायचे नाहीत, आणि तुमचे ५०० तास अजून सुरू व्हायचे आहेत. ही जागा सोडा. शाळेत नाव घाला, आणि तास संपत आले की मसाज थेट चालतो अशा झोनमधलीच जागा शोधा.